मातीची भिंत, आकार एम-50 : यानाकातल्या प्रकल्प नोंदी

28 डिसेंबर

रात्री साडेआठला गल्लीतून दोन लाकडी दांडक्यांचा आवाज आला. टक्, टक्. मागोमाग चार-पाच जणांचा एकत्र सूर: "हि नो योऽजिऽन." आग सांभाळा. वर्ष संपत आलं की आमच्या आळीतली मंडळी अशी फेरी काढतात. यंदा मीही गेले. पुढे शेजारचे गवंडी आजोबा, वय 82, हातात कंदील. इथली घरं लाकडाची आणि गल्ल्या अशा की समोरून कुणी आलं तर अंग चोरून उभं राहावं लागतं. 1923 चा भूकंप आणि 1945 चे बाँबहल्ले, दोन्हींतून यानाकाचा बराच भाग वाचला. टोकियोत इतरत्र पुसलं गेलेलं बरंच काही इथे अजून उभं आहे, आणि म्हणूनच आगीची धास्ती इथल्या लोकांच्या अंगात मुरलेली आहे.

फेरी कान्नोनजी मंदिराच्या भिंतीपाशी वळली. कंदिलाचा उजेड भिंतीवर तिरका पडला आणि दिवसा सपाट दिसणारी ती भिंत एकदम उठून आली. कौलांच्या कडा, त्यांच्यामधली माती, मातीतले खळगे. मी थांबले, मंडळी पुढे गेली.

तीन वर्षं रोज या भिंतीवरून जाते आहे. भाजी आणायला, निप्पोरी स्टेशनला, पोस्टात. पुढचं मोठं चित्र हिचंच.

4 जानेवारी

सुट्या संपायच्या आत, रस्ता रिकामा असताना, दोन तास भिंतीसमोर बसले.

लांबी सुमारे 38 मीटर, उंची दोन मीटरच्या आसपास. एदो काळाच्या शेवटाला बांधलेली. आपल्याकडे तेव्हा पेशवाई बुडून काही दशकं झाली होती. रचना साधी. मातीचा थर, त्यावर चपट्या कौलांची आडवी ओळ, पुन्हा माती, पुन्हा कौलं. माथ्यावर कौलांचंच छोटं उतरतं छप्पर, पावसापासून माती राखायला. दुरून पाहिलं तर वहीच्या पानावरच्या रेघा.

आकार एम-50 घ्यायचा ठरवला: 116.7 × 72.7 सेंमी. इथे चित्रासाठीच्या लाकडी फळ्यांचे आकार ठरलेले असतात, फ्रेंच पद्धतीवरून आलेले. एफ माणसाच्या चित्रासाठी, पी निसर्गदृश्यासाठी, एम समुद्रासाठी. समुद्राचा आकार भिंतीला देते आहे, कारण तिचंही सगळं आडवंच आहे.

नेझूतल्या एका लहान भाड्याच्या गॅलरीत मे महिन्याच्या शेवटी सहा दिवस मिळाले आहेत. मोठं चित्र हे एक, बाकी लहान.

11 जानेवारी

कोरडी हवा, स्वच्छ ऊन. फळीवर कागद चढवला. कागद कुमोहादा, फुकुइ प्रांतातल्या एचिझेनचा, ताग आणि तुतीच्या जातीच्या एका झाडाच्या सालीचा. नावाचा अर्थ ढगाची त्वचा. मागून ओला करून फळीवर ताणायचा, वाळला की ढोलकीच्या पुडीसारखा टणक होतो.

मग दोसा चढवला. आपल्या डोशाशी त्याचं काही नातं नाही. सरसाच्या पाण्यात तुरटी. हा हात दिला नाही तर कागद रंग पिऊन टाकतो, जास्त दिला तर रंगाला धरूच देत नाही. ढगाळ दिवशी तर करूच नये. मला हे काम मनापासून आवडतं. रुंद ब्रश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता न्यायचा, श्वास धरून.

सरस म्हणजे इथला निकावा. काटकीसारख्या कांड्या मिळतात. 10 ग्रॅम कांडी मोडून 100 मिली थंड पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फुगते, मग गरम पाण्यात भांडं ठेवून विरघळवायची. उकळी येऊ द्यायची नाही. उकळला की सरसाची पकड जाते. थंडीत आठवडा टिकतो. उन्हाळ्यात दोन दिवसांत घरभर वास सुटतो.

26 जानेवारी

सकाळी आईचा फोन. शेजारच्या शाळेतलं झेंडावंदन तिने फोनवरून ऐकवलं.

दुपारी आळीतल्या एका मंदिरात आगीची कवायत होती. बंबाच्या पाण्याचा फवारा छपरावर, भिक्खू आणि दुकानदार ओळीने बादल्या देत होते. देशभर आज अशी कवायत होते, कारण 1949 मध्ये 26 जानेवारीलाच नाराजवळच्या होर्यूजी मंदिराच्या कोन्दो दालनाला आग लागली आणि तिथली भिंतीचित्रं जळून काळवंडली. ही चित्रं सातव्या-आठव्या शतकांतली. अजिंठ्याच्या चित्रांशी त्यांचं साम्य अभ्यासक पूर्वीपासून सांगत आले आहेत.

इथे मला जपानी चित्रकार आराई काम्पो आठवतात. 1916 मध्ये रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून ते भारतात आले आणि पुढे अजिंठ्याला जाऊन त्यांनी भिंतीचित्रांच्या प्रती केल्या. त्या प्रती टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. 1923 च्या भूकंपानंतरच्या आगीत गेल्या. 1940 पासून ते होर्यूजीच्या चित्रांच्या प्रतींचं काम करत होते. 1945 मध्ये ते वारले, आणि चार वर्षांनी मूळ चित्रंही आगीत सापडली.

मी छत्रपती संभाजीनगरची. अजिंठा आम्हाला शंभर किलोमीटरवर. शाळेच्या सहलीत पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभं केलं होतं. खरं सांगायचं तर तेव्हा माझं लक्ष चित्राच्या शेजारी होतं, जिथे गिलाव्याचा पोपडा गेला होता. आत माती होती आणि मातीत भाताचं तूस. आमच्या आजोळच्या गोठ्याच्या भिंतीत असतं तसंच. एवढं मोठं चित्र अशा मातीवर उभं आहे हे कळल्यावर मी काय पाहिलं ते कुणाला सांगता येईना.

6 फेब्रुवारी

सकाळी आठ ते दहा रेखाटन. बोटं उघडी राहतील असे हातमोजे. आता वहीत चौदा पानं झाली.

आज एक गोष्ट लागली. कौलांच्या ओळी सरळ नाहीत. दोन ओळींत कुठे चार बोटं माती, कुठे पाच, आणि एका जागी ओळ हळूच खाली उतरून पुन्हा वर येते. पट्टी लावून पाहिलं तेव्हा दिसलं. नुसत्या नजरेला भिंत समपातळीत वाटते. बांधणाऱ्याने दोरी धरली असेल, पण प्रत्येक कौल हाताने दाबून बसवलंय, आणि हाताचा जोर दिवसभर सारखा राहत नाही.

शाळेत जाणाऱ्या दोन मुलींनी वहीत डोकावलं. एक म्हणाली, "भिंतच?" मी म्हटलं, हो, भिंतच. तिने भिंतीकडे पाहिलं, मग वहीकडे, मग परत भिंतीकडे. मला तेवढं पुरे.

15 फेब्रुवारी

भिंतीचं काम नाही. लहान चित्रासाठी तिठ्यावरचं देवदाराचं झाड काढलं.

तीन गल्ल्या मिळतात तिथे पावाचं एक छोटं जुनं दुकान आणि त्याच्या डोक्यावर हा प्रचंड वृक्ष. इथे त्याला हिमाराया-सुगी म्हणतात, हिमालयातला सूचिपर्णी वृक्ष म्हणा. दुकानवाल्यांच्या आधीच्या पिढीतल्या कुणी कुंडीत ठेवलेलं रोप पुढे जमिनीत गेलं आणि एवढं झालं. जागा विकली गेली तेव्हा झाड राहावं म्हणून आळीतल्या लोकांनी मोहीम चालवली. पहिल्यांदा मी झाडाखालून गेले तेव्हा खोडावर हात ठेवून उभी राहिले होते. दुकानातल्या आजी बाहेर आल्या, कुठून आलात विचारलं. भारत म्हटल्यावर त्यांनी झाडाकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "मग हे तुमच्याकडचं." मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे याला देवाचं लाकूड म्हणतात. त्यांनी तो शब्द तीनदा म्हणून पाहिला. देवदारु, देवदारु, देवदारु.

22 फेब्रुवारी

गोफुन. हा कालवांच्या शिंपल्यांचा पांढरा. शिंपले वर्षानुवर्षं उघड्यावर ठेवून, दळून, पाण्यात निथळून केलेली भुकटी. खलात बारीक करायची, थेंब थेंब सरस घालत मळायची, गोळा झाला की बशीवर शंभर वेळा आपटायचा. शंभर ही इथली पद्धत, पण पापडाच्या लाट्या आईबरोबर कुटलेल्या हातांना आकडा लागत नाही. गोळा कानाच्या पाळीइतका मऊ झाला की झालं. मग गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, वर येणारं पिवळट पाणी ओतून द्यायचं, आणि पुढे मधल्या बोटाने बशीत थोडं थोडं पाणी घेत विरघळवायचं. बोटानेच, कारण कण राहिला की बोटाला कळतो.

दोन पातळ हात दिले. कागद आता दुधासारखा झालाय.

तूरडाळ संपली होती. संध्याकाळी निशी-कासाईला जाऊन डाळ, पोहे, गोडा मसाला घेतला. त्या भागात मराठी कानावर पडतं, ते दोन दिवस पुरतं.

1 मार्च

रंग घ्यायला जुन्या दुकानात. भिंतभर काचेच्या बरण्या. इथले रंग म्हणजे दळलेले दगड: निळा गुन्जो, हिरवा रोकुशो, तांबडा शिन्शा. प्रत्येकाला क्रमांक, साधारण 5 पासून 13 पर्यंत, आणि त्याहून बारीक तो 'ब्याकु', म्हणजे पांढरा. एकच दगड, पण कण भरड तसा रंग गडद, बारीक तसा फिका. 5 नंबरचा निळा रात्रीसारखा, 13 नंबरचा धुक्यासारखा. कॅनव्हासवर तेलरंग लावायची सवय असलेल्या मला हे पचायला दोन वर्षं लागली. इथे पांढरा मिसळून रंग उजळत नाहीत, दगड आणखी दळतात.

घेतलं: ओउदो म्हणजे पिवळी माती, ताइशा म्हणजे गेरू, दोन्ही निथळून काढलेल्या बारीक मातीचे. वरच्या थरांसाठी त्याच छटांचे भरड दगडी रंग, 7 आणि 9 नंबर, 15 ग्रॅमच्या पुड्यांत. खरा रोकुशो एकच पुडी, महाग आहे.

9 मार्च

वाईट दिवस.

सकाळी फळी उचलून भिंतीला टेकवली तर खाली जमिनीवर पिवळ्या भुकटीची रेघ. मातीच्या थरांवर बोट फिरवलं, बोट पिवळं. 7 नंबरचा भरड रंग धरलेलाच नव्हता. गेल्या चार दिवसांत मी घाई केली. सगळी फळी एकदम भरत गेले, थर वाळायच्या आत दुसरा दिला, आणि भरड कणांना बारीक रंगाच्याच बेताचा सरस घातला. भरड कणांना जास्त लागतो, हे मला माहीत होतं. घाईत हात आखडला.

दुपारभर फळीकडे नुसती बघत बसले. जेवलेसुद्धा नाही.

10 मार्च

गवंडी आजोबा कचऱ्याच्या जागेवरची जाळी घडी करत होते. माझा चेहरा पाहून विचारलं, सांगितलं. ते आत आले, बूट दारात काढले, फळीसमोर मांडी घालून बसले. आयुष्यभर मातीचा गिलावा केलेला माणूस. तळवे अजून जाड. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गाका-सान," म्हणजे चित्रकारबाई, "भिंत खालून वर जाते. तुम्ही ती चहूबाजूंनी एकदम आणलीत."

मग मातीचं सांगत बसले. भिंतीची माती आणली की त्यात चिरलेला पेंढा घालायचा, पाणी घालून तुडवायची आणि महिनोन्‌महिने तशीच ठेवायची. पेंढा कुजतो, मातीला वास येतो, आणि तो कुजका रसच मातीला चिकटपणा देतो. एक थर दिला की वाळेपर्यंत हात लावायचा नाही; वाळताना भेगा पडतात, त्या पडू द्यायच्या, दुसरा थर त्या भेगांत जाऊन बसतो. मी त्यांना आमच्याकडच्या शेणामातीच्या भिंतींचं सांगितलं, अजिंठ्याच्या तुसाचंही. "भाताचं तूस?" त्यांनी दोनदा विचारलं. "किती जुनं?" दीड हजार वर्षं म्हटल्यावर ते गप्प झाले, आणि चहा थंड होईपर्यंत स्वतःच्या तळव्याकडे पाहत राहिले.

12 मार्च

चित्र धुतलं. सरस कोमट पाण्याने सुटतो, म्हणून हे करता येतं. रुंद मऊ ब्रश, कोमट पाणी, फडकं. तीन तास. भरड रंग सगळा निघाला, पण बारीक ओउदो कागदाच्या तंतूंत शिरलेला, तो राहिला. फिकट, डागाडागांचा, खाली ओघळलेला. भिंतीच्या पावसाच्या ओघळांसारखाच. हे मी ठरवून काढू शकले नसते. तो तसाच ठेवणार.

20 मार्च

नवी पद्धत. रोज एकच थर, तळापासून. आधी मातीचा पट्टा, तो पूर्ण वाळला की त्यावर कौलांची ओळ, दुसऱ्या दिवशी त्याच्यावरची माती. खालच्या हातांना सरस दाट, वरच्यांना थोडा पातळ. वरचा दाट झाला तर वाळताना खालच्याला ओढून उचकटतो. मातीसाठी ब्रश सोडला. मधल्या बोटाने दाबत जाते, कौलाच्या खालच्या कडेशी रंग जरा जाड राहतो, जशी माती कौलाखाली दबून बाहेर आलेली असते. आज तिसरी ओळ. उभ्या भिंतीवरही ती ओळ जिथे खाली उतरते, तिथेच चित्रात उतरली.

दिवसाला एक थर म्हणजे उरलेला वेळ रिकामा. लहान चित्रं पुढे सरकतायत.

30 मार्च

साकुरा फुलला. यानाकाच्या दफनभूमीतला मधला रस्ता सगळा पांढरा. शेवटचे शोगुन तोकुगावा योशिनोबू इथेच आहेत, आणि योकोयामा ताइकान हे चित्रकारही. त्यांच्या थडग्याशी जाऊन आले. 1903 मध्ये ताइकान आणि हिशिदा शुन्सो कलकत्त्याला गेले होते. ओल्या कागदावर रंग विरघळवण्याची त्यांची रीत पाहून अवनींद्रनाथांची वॉशची पद्धत घडली. आर्ट स्कूलमध्ये आम्हाला ती 'बंगाल शैली' म्हणून शिकवली. तिची एक मुळी या आळीत आहे हे इथे राहायला आल्यावर कळलं: ताइकान आणि शुन्सो यांचे गुरू ओकाकुरा तेन्शिन यांनी 1898 मध्ये काढलेली निप्पोन बिजुत्सुइन ही संस्था यानाकातच होती, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. आता तिथे लहानसं उद्यान आहे, मुलं घसरगुंडीवर खेळतात.

त्याच रस्त्यात पाच मजली पॅगोड्याच्या पायाचे दगड आहेत. 1957 च्या जुलैत तो जळला. दगडांभोवती कुंपण, आत पाकळ्या पडलेल्या. एक पानभर रेखाटन केलं, पायाच्या दगडांचं.

19 एप्रिल

नेझू देवळातली अझेलिया पाहायला गर्दी लोटली आहे. गेले, पाहिली, परतले. यंदा माझ्या डोळ्यांत माती आणि कौलंच आहेत.

नववी ओळ झाली.

3 मे

कौलांचा काळा जमत नव्हता. नुसती शाई लावली की छापील दिसते. आज रोकुशोची ती एकुलती पुडी लोखंडी तव्यावर भाजली. मंद आच, लाकडी चमच्याने सारखं हलवत. दोन-तीन मिनिटं काही होत नाही. मग हिरव्याच्या कडा शेवाळी होतात, मग तपकिरी, आणि मध्येच चमच्यामागे काळी रेघ उमटते. तिथे आच बंद करायची, कारण तवा गरम असेपर्यंत रंग पुढे जातच राहतो. हा तांब्याचा दगड. भाजला की काळा पडतो, पण आत हिरवा कुठेतरी दडून राहतो. थंड करून सरसात कालवला, एका कौलावर लावला. उन्हात धरला तर हिरवट, सावलीत काळा. शेवाळ धरलेल्या जुन्या कौलाचा रंग. आनंदाने मी एकटीच मोठ्याने "झालं!" म्हणाले.

17 मे

माथ्याचं छप्पर पूर्ण. चित्र झालं. वर दोन बोटं आकाश ठेवलंय, 13 नंबरचा निळा, जवळजवळ पांढराच.

गवंडी आजोबा आले. या वेळी बसले नाहीत. जवळ जाऊन खालच्या तीन ओळी पाहिल्या, मग बाजूने, डोळा फळीच्या कडेला लावून. म्हणाले, "खालची माती वाळलीय. वरची अजून ओली दिसते." वरचे दोन थर खरंच कालचे आणि परवाचे होते.

26 मे

प्रदर्शनाचा दुसरा दिवस. येणारे बहुतेक आळीतलेच. पावाच्या दुकानातल्या आजी देवदाराच्या चित्रापुढे उभ्या राहून शेजारणीला सांगत होत्या, "देवदारु." कान्नोनजीजवळ राहणारे एक गृहस्थ भिंतीसमोर बराच वेळ थांबले आणि म्हणाले, ही ओळ इथे खाली उतरते हे लहानपणी मला माहीत होतं, हात लावत शाळेत जायचो तेव्हा, मग विसरलो.

भिंत विकायची नाही असं मी आधीच ठरवलं होतं. देवदार आणि दोन लहान गेली.

12 जून

पावसाळा लागला. निकावा आता फ्रीजमध्ये, तरी दोन दिवसांत संपवावा लागतो. चित्राला बुरशी लागू नये म्हणून फळी खोलीच्या मधोमध, भिंतीपासून लांब.

सकाळी आजोबांनी यानाकाचं आलं आणून दिलं, पानांसकट, कोवळं. या भागाच्या नावाने ओळखलं जातं. मिसो लावून कच्चं खायचं. ते घरात ठेवून छत्री घेऊन भिंतीकडे गेले. छपराखालच्या दोन ओळी कोरड्या, त्याखाली माती भिजत गेलेली, आणि अगदी तळाला गेरू जवळजवळ जांभळा झालेला. हा रंग हिवाळ्यात एकदाही दिसला नव्हता. छत्री मानेत धरून पान भरलं, कडा भिजली.

दुसऱ्या फळीसाठी, तोच आकार: ताइशा बारीक, 15 ग्रॅमच्या दोन पुड्या. शिन्शा 11 नंबर, अगदी थोडा. दुकान बुधवारी उघडं आहे का ते विचारायचं.